खिशातला स्पेक्ट्रोस्कोप घ्यावा का? रामनसाहेबांच्या नादाने घेतलेल्या नळीचा रिव्ह्यू

आधी निकाल सांगून टाकतो, मग पुढचं वाचायचं तर वाचा. बोटाएवढी काळी नळी, एका टोकाला बारीक फट, आत डिफ्रॅक्शन ग्रेटिंग (प्रकाशाचे रंग सुटे करणारी अतिबारीक रेघांची पट्टी) आणि दुसऱ्या टोकाला डोळा लावायचा, बास, एवढंच प्रॉडक्ट आहे. ऑनलाइन तीन हजारांच्या आसपास पडलं. मूळ गिऱ्हाईक म्हणजे रत्नपारखी लोक, पण माझ्यासारखे हौशी पण घेतात. दिवसाचा प्रकाश, घरातले दिवे, गॅसची ज्योत, पानं-फुलं बघायला एक नंबर. पण रामन इफेक्ट, म्हणजे रेणूवर विखुरताना प्रकाशाचा रंग किंचित बदलतो तो, बघायचा म्हणून घेणार असाल तर घेऊ नका, दिसणार नाही. हे स्पष्ट सांगायचं कारण म्हणजे विक्रेत्याने लिस्टिंगवर सी. व्ही. रामन यांचा फेटेवाला फोटो टाकलाय आणि खाली असं काही लिहिलंय की वाचणाऱ्याला वाटावं, नळी डोळ्याला लावली की नोबेल घ्यायला स्टॉकहोमचं तिकीटच. फोटो टाकायला हरकत नाही, त्यांनी २८ फेब्रुवारी १९२८ ला खरंच खिशातला डायरेक्ट व्हिजन स्पेक्ट्रोस्कोप वापरला होता. पण त्यांचा प्रिझमचा होता, हा ग्रेटिंगचा आहे, आणि त्या नळीच्या मागे काय काय उभं होतं ते लिस्टिंगवाला सांगत नाही, म्हणून मी सांगतो.

मला हे खूळ लागलं कारण मी फार्मा कंपनीत क्यूसीला, म्हणजे मालाची गुणवत्ता तपासायला आहे आणि आमचा दिवस रामनच्या नावानेच सुरू होतो. वेअरहाउसला आरएम म्हणजे कच्चा माल आला की प्रत्येक ड्रमची ओळख पटवायची, ड्रम उघडा, आतली प्लॅस्टिकची लायनर न फाडता बाहेरूनच हातातलं रामन मशीन टेकवा, बटण दाबा, थोडं थांबा, स्क्रीनवर हिरवं "पास". "त्या लॉटला रामन मारला का रे?" हे वाक्य आमच्याकडे चहा झाला का इतकं कॉमन आहे. मशीनची किंमत लाखांत, वापरणाऱ्या दहा जणांना विचारा की रामन म्हणजे कोण, तर नोबेलवाले एवढं सांगतील, पण मशीन नेमकं बघतं काय हे विचारलं की गाडी अडते. आणि मशीन काही दाखवत पण नाही हो, लेसर ७८५ नॅनोमीटरचा, डोळ्याला जेमतेम लालसर ठिपका, बाकी सगळं आत. म्हणून वाटलं की हे प्रकरण एकदा डोळ्याने बघावं, निदान त्याच्या जवळपास तरी जावं.

ज्यांचा संबंध नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. प्रकाश रेणूवर आदळून विखुरतो तेव्हा बहुतेक सगळा आला त्याच रंगाने परत जातो. पण साधारण कोटीत एखादा प्रकाशकण असा निघतो की तो जाता जाता रेणूला थोडी ऊर्जा देऊन जातो, त्या ऊर्जेवर रेणू थरथरायला लागतो, आणि कण तेवढा गरीब होऊन म्हणजे जरा लालकडे सरकून बाहेर पडतो. टोलनाक्यासारखं आहे, प्रत्येक रेणूचा टोल ठरलेला, बेंझिनचा वेगळा, पाण्याचा वेगळा, त्यामुळे गाडी किती पैसे घेऊन शिरली आणि किती घेऊन निघाली एवढं कळलं की नाका कुठला ते सांगता येतं. आमचं मशीन हेच करतं. आणि त्याची गंमत म्हणजे साधं मीठ त्याला ओळखता येत नाही! सोडियम क्लोराइडच्या स्फटिकाची रचनाच अशी सममित आहे की हा नेहमीचा, पहिल्या पातळीचा टोल तिथे लागतच नाही. मीठ आलं की आम्ही मुकाट्याने ओल्या, म्हणजे रसायनं घालून करायच्या टेस्टला जातो. मिठाचं हे प्रकरण लक्षात ठेवा, पुढे रामनसाहेबांनी त्यावरून मोठा वाद घातलाय.

आता नळीकडे. पार्सल उघडलं, डोळा लावला, सप्तरंगी पट्टा दिसला आणि त्या पट्ट्यावरून आडव्या काळ्या रेघा गेलेल्या. फ्राउनहोफर रेषा, म्हणजे सूर्यप्रकाशाच्या पट्ट्यात मुळातच असलेल्या काळ्या रेघा, वाटून कोणी नाचायला लागू नका. खऱ्या रेषा रंगांना कापत उभ्या असतात, आणि या लालपासून जांभळ्यापर्यंत लांबीने जाणाऱ्या म्हणजे फटीत अडकलेली धूळ. फॅक्टरीतून नवीन कोरा माल धूळ घेऊन यावा हे काय मला पटलं नाही, विक्रेत्याला मेसेज टाकला तर उत्तर आलं की "धिस इज नॉर्मल सर". असेल बाबा नॉर्मल. आगपेटीची काडी टोकाला चपटी तासून फटीतून अलगद फिरवली की साफ होतं, सुई मात्र चुकूनही घालायची नाही, कडेला ओरखडा पडला की नळी गेली. दुसरी तक्रार, फट फिक्स आहे, कमीजास्त करता येत नाही. उजेड भरपूर असेल तर फट बारीक हवी, अंधुक असेल तर रुंद, आणि फिक्स फटीत दोन्हीकडे तडजोड. थोडे जास्त पैसे टाकून फट फिरवता येणारा मिळतो, तो घ्या.

फट साफ झाल्यावर दुपारी गच्चीवर जाऊन पांढऱ्या ढगाकडे धरली. सूर्याकडे थेट नाही, कधीच नाही, हे मुलांना दहादा सांगा. फोकस आतबाहेर करता करता एकदम रेघा उभ्या राहिल्या, हिरव्यात ५१७ नॅनोमीटरच्या आसपासचा मॅग्नेशियमचा गठ्ठा, निळ्यात ४८६ ची हायड्रोजनची, पिवळ्यात ५८९ ला सोडियमची बारीक केसासारखी. तीन हजार तिथेच वसूल झाले, खरं सांगतो. जुना सीएफएल असेल तर त्यात पाऱ्याच्या रेषा सुट्या सुट्या दिसतात, ४३६ निळी, ५४६ हिरवी. एलईडी कंटाळवाणा, निळ्यात एक उंचवटा आणि मग सलग पट्टा.

पाऱ्याची ती ४३६ वाली रेषा रामन यांच्या कामात पुढे फार मोलाची ठरली, पण सुरुवात सूर्यावर झाली होती. आणि ती सुरुवात कशी झाली हे वाचलं की आपल्या मुंबईचा पण थोडा वाटा निघतो. हा माणूस मुळात सरकारी हिशेबनीस. ७ नोव्हेंबर १८८८ ला तिरुचिरापल्लीला जन्म, वडील फिजिक्सचे लेक्चरर, मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात असताना १९०६ साली म्हणजे अठराव्या वर्षी विलायतेतल्या फिलॉसॉफिकल मॅगझिनमध्ये पेपर, आणि एवढं करून १९०७ ला नोकरी कुठे, तर कलकत्त्याला असिस्टंट अकाउंटंट जनरल. कारण त्या काळी इथे संशोधन हा पोटापाण्याचा धंदा नव्हताच. कलकत्त्यात बोबझार स्ट्रीटवर २१० नंबरला महेंद्रलाल सरकारांनी १८७६ ला काढलेली इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स नावाची संस्था होती, जागा होती, थोडीफार उपकरणं होती, काम करणारं फारसं कोणी नव्हतं. रामन ऑफिसच्या आधी आणि ऑफिस सुटल्यावर तिथे. मध्ये बदल्या पण झाल्या, रंगून आणि मग १९१० ला आपलं नागपूर, तिथून १९११ ला परत कलकत्ता. नागपूरकरांनी हे मिरवायला हरकत नाही, पण कुणी मिरवत नाही, का कोण जाणे. १९१७ ला आशुतोष मुखर्जींनी बोलावलं म्हणून चांगली भरभक्कम पगाराची सरकारी नोकरी सोडून कमी पगारावर कलकत्ता विद्यापीठात पालित प्रोफेसर झाले. आमच्याकडे एखाद्याने क्लास वन सोडून असं केलं असतं तर घरातले महिनाभर बोलले नसते.

१९२१ ला ते विलायतेला एका परिषदेला गेले, येताना एस. एस. नारकुंडा बोटीवर भूमध्य समुद्राचा निळा रंग बघून डोक्यात किडा घुसला. तेव्हा लॉर्ड रॅले यांचं म्हणणं चालायचं की समुद्राचा निळा म्हणजे आकाशाचं प्रतिबिंब. रामन यांच्याकडे बोटीवर होतं काय, तर निकोल प्रिझम, ध्रुवीकरण म्हणजे प्रकाशलहरी एकाच दिशेत थरथरतायत का ते तपासायचा छोटा स्फटिक. तो योग्य कोनात धरला की पृष्ठभागावरचं प्रतिबिंब बुजतं, आणि प्रतिबिंब बुजवून बघितलं तरी पाणी निळंच, उलट जास्त निळं. म्हणजे रंग पाण्याचाच, पाण्याचे रेणू प्रकाश विखुरतात त्याचा, असं त्यांनी ठरवलं. बोट मुंबईला लागली तेव्हा नेचरसाठीचं पत्र तयार होतं, त्यावर ठिकाण लिहिलंय बॉम्बे हार्बर आणि तारीख २६ सप्टेंबर. आपण बॅलार्ड इस्टेटवरून एवढ्या वेळा जातो, तिथे याची एखादी पाटी असायला काय हरकत होती? असो.

हा प्रयोग तुम्ही पण करू शकता आणि नळीपण लागत नाही. पोलराइज्ड गॉगल घ्या, तळ्याच्या किंवा समुद्राच्या पाण्याकडे तिरकं बघा आणि गॉगल हळूहळू फिरवा, चमक जाते आणि आतला रंग वर येतो. अलिबागच्या पाण्यात गाळ इतका की निळा मिळणार नाही, पण चमक जाताना तरी दिसेल.

यानंतरची सात वर्षं लिस्टिंगवाले, भाषणवाले, व्हॉट्सॲपवाले सगळे गाळतात. सगळ्यांना दोनशे रुपयांच्या साहित्यात नोबेल ही गोष्ट आवडते. किती रुपये ते सोडा, त्या हिशेबात माणसं धरलेलीच नसतात. १९२३ ला रामन यांच्याबरोबर काम करणाऱ्या के. आर. रामनाथन यांनी शुद्ध केलेल्या पाण्यात बघितलं की विखुरलेल्या उजेडात मूळचा नसलेला अंधुक रंग येतोय. त्याला नाव दिलं क्षीण फ्लुरोसन्स (पदार्थ प्रकाश गिळून दुसऱ्या रंगाचा सोडतो तो), म्हणजे कचरा असेल पाण्यात असं समजून परत परत शुद्ध करत बसले, तरी तो जाईना. मग त्याच लॅबमधल्या कृष्णन यांनी कितीतरी द्रवांमध्ये तेच बघितलं. मग व्यंकटेश्वरन यांना ग्लिसरीनमध्ये निळ्याऐवजी हिरवट झाक मिळाली आणि ती चांगलीच ध्रुवीकृत होती, साध्या फ्लुरोसन्सला असं ध्रुवीकरण नसतं. इथे रामन यांची ट्यूब पेटली. सूर्याचा उजेड आरशाने फिरवून १८ सेंटीमीटरच्या दुर्बिणीतून गोळा करायचा, एक फिल्टर फक्त निळा-जांभळा सोडणारा येताना लावायचा, आणि त्याला पूरक दुसरा डोळ्यासमोर, म्हणजे विखुरताना रंग बदलला नसेल तर काहीच दिसायला नको. आणि दिसायचं! एका नाही, दोन नाही, साठेक द्रवांमध्ये.

२८ फेब्रुवारीला दुपारी रामन आणि कृष्णन यांनी नेहमीच्या निळ्या-जांभळ्या फिल्टरला युरेनियम काचेची जोड दिली, त्यामुळे आत जाणारा रंगाचा पट्टा एकदम अरुंद झाला, आणि मग खिशातला स्पेक्ट्रोस्कोप लावला. मूळ रंग एकीकडे, मधे काळी पट्टी, आणि पलीकडे नवा रंग. ती काळी पट्टी म्हणजे सगळा निकाल, नुसता रंग पसरला असता तर तो सलग पसरला असता, इथे ठराविक अंतर सोडून उडी मारलीय. मला विचाराल तर त्या दिवशीची खरी कमाल नळीची नाही, त्या युरेनियम काचेच्या तुकड्याची, म्हणजे आत काय सोडायचं ते आवळण्याची. आमच्या मशीनमध्येही हेच आहे, लेसर म्हणजे अरुंद पट्ट्याचा कळस, आणि समोर लेसरचा मूळ रंग अडवणारा फिल्टर. पुढे त्यांनी सूर्याऐवजी पाऱ्याचा दिवा लावला, ४३६ ची रेषा आत सोडली की बेंझिन तिच्या शेजारी ४५५ च्या जवळ आपली सगळ्यात जोरदार रेषा उमटवतो. फोटोच्या प्लेटवर त्या रेषा आल्या, मोजता आल्या. नेचरमध्ये ३१ मार्चच्या अंकात दोघांच्या नावाने टिपण छापून आलं. मॉस्कोत लांड्सबर्ग आणि मांडेलश्ताम यांना क्वार्ट्झमध्ये हेच २१ फेब्रुवारीला मिळालं होतं, पण त्यांनी छापायला उशीर केला. नोबेल १९३० ला, एकट्या रामन यांना. कृष्णन यांचं नाव तिथे नाही हे आजही अनेकांना खुपतं, मलापण खुपतं. ते पुढे दिल्लीच्या नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीचे पहिले संचालक झाले, पण शाळेच्या पुस्तकात त्यांना अर्धी ओळ पण नसते.

आता माझा प्रयोग. हिरवा लेसर पॉइंटर ५३२ नॅनोमीटरचा, काचेच्या बाटलीत हँड सॅनिटायझरवालं पातळ अल्कोहोल. हिशेबाने अल्कोहोलची एक रेषा ५५८ ला पोपटी हिरव्यात आणि एक ६३० ला लालमध्ये यायला हवी. नळीतून दिसलं काय तर भगभगीत हिरवा आणि हिरवाच. कोटीतला एक कण शोधायचाय आणि बाकीचे सगळे डोळ्यात भसाभस येतायत, फिल्टर नाही, कसा दिसेल? मग ऑलिव्ह ऑइल घेतलं तर बापरे, बाटलीत हिरवा किरण नारिंगी झाला, नळीतून नारिंगी-लालचा रुंद पट्टा. इथेच सांभाळा! यूट्यूबवर हे रामन इफेक्ट म्हणून दाखवणारे महाभाग आहेत. हा फ्लुरोसन्स आहे, तेलातल्या हरितद्रव्याचा वगैरे, रामनपेक्षा कितीतरी पटींनी तेजस्वी, आणि पट्टा पसरट आहे, ठराविक अंतरावरच्या रेषा नाहीत. कलकत्त्याच्या मंडळींना पाच वर्षं ज्याने चकवलं तेच हे. आमच्याकडे पण रंगीत किंवा सेल्युलोजवाला माल आला की हाच फ्लुरोसन्स मशीनचा स्पेक्ट्रम गिळून टाकतो आणि "फेल" दाखवतो, मग ड्रमवाला आमच्याकडे बघतो आणि आम्ही ड्रमकडे. अजून एक, स्वस्तातल्या हिरव्या पॉइंटरमधून न दिसणारा इन्फ्रारेड पण गळतो, तेव्हा लेसरचा खेळ पोरांच्या हातात देऊ नका, आणि किरणाच्या समोरून नळीत तर बघूच नका, फक्त बाजूने.

मग रेणू बघायला मिळतच नाही का, तर मिळतो, आणि तोही फुकट, गॅसच्या शेगडीवर. हा भाग कुठल्या लिस्टिंगमध्ये नाही आणि माझ्या मते नळी घ्यायचं सगळ्यात मोठं कारण हेच आहे. रात्री किचनचे दिवे बंद करा, डोळ्यांना थोडा वेळ अंधाराची सवय होऊ द्या, बर्नर मध्यम ठेवा आणि ज्योतीच्या आतल्या निळ्या-हिरवट सुळक्यावर फट येईल अशी नळी धरा, केस आणि ओढणी सांभाळून. सलग सप्तरंग नाही दिसणार. काळ्यावर सुटे सुटे पट्टे दिसतील, हिरव्यात ५१६ ला एक, निळ्यात ४७४ ला एक, जांभळ्यात ४३१ ला एक. नीट बघा, हिरव्या पट्ट्याची लालकडची कड सुरीने कापल्यासारखी आणि निळ्याकडे तो विरत विरत जातो. हे स्वान बँड, म्हणजे कार्बनचे दोन अणू जोडीने फिरतायत त्या रेणूची सही. ४३१ वाला कार्बन-हायड्रोजनच्या जोडीचा. बाहेर बाटलीत भरून ठेवता येणार नाहीत इतके अल्पायुषी रेणू, पण ज्योतीत क्षणोक्षणी तयार होतायत आणि मोडतायत. आता चिमटीभर मीठ ज्योतीवर भुरभुरा, कडक पिवळी एकच रेघ. ती सोडियमच्या अणूची. अणू एकटा, त्याची रेघ सुटी, रेणू मात्र उजेड देताना थरथरतो पण आणि गरगरतो पण, त्यामुळे त्याच्या एका रेघेच्या शेकडो बारीक रेघा होतात आणि या नळीला त्या सुट्या करता येत नाहीत म्हणून पट्टा दिसतो. रेणूच्या भौतिकीचा पहिला धडा आहे हा आणि डाळीला फोडणी द्यायच्या आधी बघून होतो.

रामन यांच्याबद्दल वाचताना एक लक्षात आलं की माणूस ऐकणारा पण तेवढाच होता जेवढा बघणारा. तबला-मृदंगावर त्यांनी काम केलंय, १९२० ला नेचरमध्ये टिपण आहे. साध्या ढोलाच्या चामड्याचे वरचे स्वर एकमेकांच्या पटीत नसतात म्हणून त्याला धड सूर नसतो, पण तबल्यावर मधोमध शाईचा भार दिला की पहिले काही स्वर पटीत येऊन बसतात. आपल्याकडे शाई घोटणाऱ्या कारागिराला हे हाताने माहीत होतं, यांनी गणिताने दाखवलं. थरथरणं हा त्यांचा आयुष्यभराचा विषय म्हणा ना, आधी तारेचं आणि चामड्याचं, मग रेणूचं, मग स्फटिकाचं.

आणि स्फटिकापाशीच अडले. १९३३ ला बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सचे पहिले भारतीय संचालक झाले, १९३७ ला संचालकपद सोडावं लागलं, स्वभाव आडवा यायचा. जर्मन भौतिकशास्त्रज्ञ मॅक्स बॉर्न यांना त्यांनीच बंगळूरला बोलावलं होतं, आणि पुढे त्याच बॉर्न यांच्याशी जाहीर भांडण. मिठासारख्या स्फटिकाच्या कंपनांच्या वारंवारता मोजक्या आणि सुट्या असतात असं रामन म्हणायचे, बॉर्न म्हणायचे सलग पसरलेल्या असतात. बॉर्न बरोबर निघाले. रामन यांनी शेवटपर्यंत मान्य केलं नाही.

दुसरी गोष्ट आपल्या मुंबईची आहे आणि ती सांगितल्याशिवाय हा रिव्ह्यू मी टाकणार नाही. १९३३ ला कमला भागवत, पुढच्या कमला सोहोनी, लेखिका दुर्गाबाई भागवतांची बहीण, मुंबई विद्यापीठात बी.एस्सीला पहिल्या आलेल्या, बंगळूरला प्रवेश मागायला गेल्या तर रामनसाहेबांनी मुलगी म्हणून नाकारलं. त्या हटल्या नाहीत, जाऊन उभ्याच राहिल्या, तेव्हा वर्षभर चाचणीवर घेतलं, त्यात परत एक अट अशी की यांच्यामुळे इतरांचं लक्ष विचलित व्हायला नको. वर्षभरात काम बघून त्यांचं मत बदललं आणि मुलींना दार उघडलं. पुढे कमलाबाई १९३९ ला केंब्रिजची डॉक्टरेट घेऊन आल्या. लोक म्हणतात तो काळच तसा होता. काळ तसा होताच, पण सूर्य मावळेपर्यंत एका अंधुक रंगाचा पिच्छा न सोडणाऱ्या माणसाला समोर उभी असलेली हुशारी दिसू नये, हे मला काळाच्या खात्यावर टाकता येत नाही. नंतर ॲना मणी त्यांच्याच लॅबमध्ये हिरे-माणकांच्या प्रकाशावर काम करत होत्या, एकेका फोटोप्लेटला पंधरा-वीस तासांचं एक्स्पोजर, पेपर छापले, तरी मद्रास विद्यापीठाने एम.एस्सी नाही म्हणून पीएच.डी. दिली नाही. त्या १९४८ ला पुण्याच्या हवामान खात्यात आल्या आणि तिथल्या उपकरणांचं काम उभं केलं. शिमल्याच्या ऑफिसच्या नावाने पुणेकर जिला अजून सिमला ऑफिस म्हणतात तीच वेधशाळा. आधी ज्यांचं नाव आलं ते रामनाथन पण याच खात्यात होते. म्हणजे बोबझार आणि बंगळूरची थोडी माती पुण्यात पण पडलीय.

शेवटची वर्षं त्यांनी स्वतःच काढलेल्या रामन रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये घालवली, १९५४ ला भारतरत्न, २१ नोव्हेंबर १९७० ला गेले. उतारवयात फुलांच्या रंगांवर काम करत होते, म्हणून मीही कुंडीतली जास्वंद तोडून बल्बसमोर धरली, नळीतून हिरवा भाग जवळजवळ गायब. पान धरलं तर गडद लालमध्ये ६७० च्या आसपास काळा पट्टा, हरितद्रव्याने गिळलेला. मुलांना हे फार आवडतं, बागेतलं काहीही आणून धरत बसतात. नळी मुलांसाठी घेणार असाल तर गॅसच्या आधी हे द्या.

आता कामाचं. ग्रेटिंगवाल्यात रंग सारख्या अंतराने पसरतात त्यामुळे कुठला कुठे ते अंदाजाने सांगता येतं, प्रिझमवाल्यात लाल चेपलेला आणि जांभळा ताणलेला असतो, पण उजेड जास्त मिळतो, ज्योतीसाठी तो बरा. प्रिझमवाला बराच महाग पडतो. आत आकड्यांची पट्टी असलेलं मॉडेल मिळालं तर घ्या, माझ्यात नाहीये, मी आकडे ओळखीच्या रेषांवरून लावलेत. शे-दोनशेला पुठ्ठ्याचे घडीचे मिळतात, ते शाळेत वर्गभर वाटायला चांगले, सीएफएलच्या रेषा त्यात मस्त दिसतात, पण फ्राउनहोफर रेषा आणि स्वान बँडच्या बाबतीत निराशा होईल. मोबाईलने फोटो येतो, नळीचं टोक कॅमेऱ्याला चिकटवून धरायचं आणि फोकस हाताने सेट करायचा, ऑटोवर ठेवलं तर तो नुसता आतबाहेर करत बसतो. सोबत आलेलं रेक्झिनचं पाउच पहिल्याच पावसाळ्यात चिकट झालं, ते फेकून चष्म्याच्या केसमध्ये ठेवा. आणि पार्सल आलं की रिटर्नची मुदत संपायच्या आत दिवसा ढगाकडे धरून बघा, पिवळ्यातली सोडियमची रेघ फट साफ करून, फोकस करूनही उभी राहिली नाही तर तो पीस परत पाठवा, वाद घालत बसू नका.